वाचून दाखवला व समजला

चंद्राक्का गेली तो सोमवार होता. चिकोडीच्या कोर्टाच्या आवारात मी नेहमीसारखा चिंचेखाली पेटी मांडून बसलो होतो आणि एका माणसाचा वाटणीचा अर्ज लिहीत होतो. निपाणीच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर सरळ माझ्याकडे चालत आला. "कारकून, तुमची आक्का गेली. पहाटं. माती दुपारी हाय. परतीची गाडी आता सुटंल, चला," एवढंच म्हणाला. मी अर्धा अर्ज त्या माणसाच्या हातात दिला, दौत झाकली आणि उठलो. निपाणीत पोचलो तेव्हा तिच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत बायका उभ्या होत्या. सगळ्या बिडी वळणाऱ्या. त्या दिवशी एकीनंही पान-तंबाखूचं सूप मांडीवर घेतलं नव्हतं. मोठ्यानं कुणी रडत नव्हतं... आक्काला रडारड चालायची नाही, हे त्या सगळ्यांना माहीत होतं.

याला आता पाच आठवडे झाले. मी काही लिहिणार नव्हतो. लिहिणं हा माझा धंदा, पण तो दुसऱ्यांसाठी. स्वतःच्या माणसाबद्दल कागदावर काही उतरवायचं म्हटलं की माझा हात जड होतो, आणि त्याला कारण आहे, ते पुढे येईलच. पण मागच्या पंधरवड्यात एका साप्ताहिकात चार ओळी छापून आल्या. "आमच्या कारखान्यातील जुन्या व निष्ठावंत कामगार चंद्राबाई यांच्या निधनाने मालकांस अतीव दुःख झाले असून त्यांच्या सन्मानार्थ कारखान्याचे काम अर्धा दिवस बंद ठेवण्यात आले." हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. काम बंद ठेवलं ते मालकांनी नव्हे, बायकांनी, आणि अर्धा दिवस नव्हे, पुरा दिवस. पण ते राहू द्या. मी त्या चार ओळींतल्या एका शब्दावर अडलो. कामगार! ज्या माणसानं कोर्टात शपथेवर सांगितलं की ही बाई माझी कामगार नाही, कधी नव्हती, हिचा माझा संबंध गिऱ्हाईक आणि दुकानदाराचा, तोच माणूस आज ती मेल्यावर, आता ती काही मागू शकत नाही म्हटल्यावर, तिला कामगार म्हणतो. झेंडा बदलला, अंगावर खादी आली, गावच्या कमिटीत बसायचं आहे, तेव्हा आता कामगार चालतात. मेलेले तर फारच चालतात. मालकांचं नाव मी इथं लिहीत नाही. निपाणीत ते सांगायची गरज नाही आणि निपाणीबाहेर असले मालक जागोजाग आहेत.

चंद्राक्का माझी मावसबहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचं गाव निपाणीपासून दोन कोसांवर. तिचं लग्न निपाणीतच झालं. नवरा तंबाखूच्या वखारीत पोती वाहायचा. इन्फ्लुएंझाच्या साथीत तो तीन दिवसांत गेला, तेव्हा ती विशीचीही नव्हती आणि मुलगा गणपा अंगावर पीत होता. दिरांनी माहेरी जा म्हटलं. ती माहेरी न जाता नवरा जायचा त्याच वखारीत गेली आणि तंबाखू चाळायच्या कामाला लागली. तोंडाला फडकं बांधून दिवसभर त्या धुरळ्यात बसायचं. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवया पिवळ्या झालेल्या असायच्या. पुढे बिडीचे कारखाने निघाले आणि ती वळायला शिकली. तिची बोटं अशी चालायची की पाहणाऱ्याला पान केव्हा गुंडाळलं आणि दोरा केव्हा बसला ते कळू नये. गल्लीतल्या निम्म्या बायकांना बिडी तिनं शिकवली. मी व्हर्नाक्युलर फायनल होऊन भाऊसाहेब वकिलांकडे कारकून लागलो आणि तिच्याच गल्लीत खोली घेतली, तेव्हापासून माझं संध्याकाळचं जेवण तिच्याकडे. "शिकलेला माणूस हाय, चुलीपाशी कुठं बसतोस," म्हणायची आणि मला बाहेरच्या सोप्यात पाट मांडून द्यायची. माझं अक्षर चांगलं आहे याचा तिला माझ्यापेक्षा जास्त अभिमान. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कागद समोर धरून म्हणायची, "मुंग्यांची वारुळं न्हाईत बग ह्यात. वळीनं चाललेल्या मुंग्या हायत."

कारखाना म्हणजे पत्र्याचं एक लांब छप्पर. त्याखाली ऐंशीएक बायका. उन्हाळ्यात वरून पत्रा तापायचा, खालून तंबाखूचा वास, आणि नैसर्गिक विधीला जायचं तर ओढ्यापर्यंत. संध्याकाळी चेकर येऊन प्रत्येकीच्या बिड्या तपासायचा. मूठ भरून उचलायची, बोटांनी दाबायची आणि त्यातल्या काही बाजूला टाकायच्या. त्यांना छाट म्हणायचं. छाट म्हणजे नापास माल. त्याची मजुरी नाही. पण त्या बाजूला पडलेल्या बिड्या जायच्या कुठं? तर दुसऱ्या दिवशी त्याच बंडलांत, त्याच लेबलाखाली, त्याच बाजारात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ठाऊक होतं आणि वर्षानुवर्षं कुणी बोललं नव्हतं.

एके दिवशी आक्काच्या बिड्यांतून चेकरनं दोन मुठी बाजूला टाकल्या. तिची बिडी कधी नापास व्हायची नाही, त्यामुळे तिला राग आला असेल. पण तिनं आवाज चढवला नाही. पुढे होऊन विचारलं, "ही छाट हाय न्हवं?"

"व्हय, छाट."

"कामाची न्हाई?"

"न्हाई म्हणतोय न्हवं बाई!"

"मग मोडाय काय हरकत?" असं म्हणून तिनं त्या दोन्ही मुठी उचलल्या आणि त्याच्या डोळ्यांसमोर तटातट मोडून टाकल्या. चेकर ओरडला, "अगं अगं, मालकाचा माल हाय त्यो!" आक्का म्हणाली, "माल असंल तर मजुरी दे. न्हाईतर कचरा हाय. कचऱ्याला कशाला जपतोस रं?"

दुसऱ्या दिवशी हौसाक्कानं मोडल्या. हौसाक्का म्हणजे आक्काची शेजारीण, सगळ्यांत म्हातारी. तिसऱ्या दिवशी सगळ्या छपरानं मोडल्या. आठ दिवसांत छाट निम्म्यावर आली. बायकांची संघटना तिथं जन्मली. सभा नाही, भाषण नाही. पुढे एक मास्तर त्यांना मदत करू लागले आणि संघटनेला नाव मिळालं, पावती-पुस्तक आलं. पण तिची सुरुवात मोडलेल्या बिड्यांच्या त्या ढिगात आहे, हे मी इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण उद्या ह्याचाही इतिहास कुणीतरी दुसराच लिहील.

सरकारकडे अर्ज करायचा ठरलं तेव्हा आक्का पहिल्यांदा माझ्याकडे आली. कारखान्याचा कायदा म्हणून काही असतो, त्यात आठवड्याची सुट्टी, हजेरीपट, संडास असं सगळं मालकानं करायचं असतं, हे तिला मास्तरांनी सांगितलं होतं. "तुझं अक्षर ब्येस हाय. तू लिवून दे," म्हणाली. मी नाही म्हटलं. भाऊसाहेब त्या मालकांचे वकील होते, माझी नोकरी त्यांच्याकडे. मी तिला हे समजावून सांगितलं आणि तिला ते पटलं. "व्हय रं, तुझ्या प्वाटाव कशाला पाय," म्हणाली आणि मला वाढलं. अर्ज मास्तरांनी लिहिला. कारखाने तपासणारे इन्स्पेक्टर आले, छपराखाली फिरले, ओढ्याकडची वाट पाहिली, बायकांची नावं विचारली आणि मालकांना नोटीस देऊन गेले. ती नोटीस घेऊन मालक भाऊसाहेबांकडे आले, तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. मला वाटलं, आता संडास बांधतील. मी खरंच तसा भाबडा होतो!

भाऊसाहेबांनी नोटीस वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कामगार आहेत म्हणून कायदा आहे. कामगारच नसले तर?" एवढ्या एका वाक्यात ऐंशी बायकांचं छप्पर गेलं. महिन्याभरात कारखान्याला कुलूप लागलं. बायकांना सांगण्यात आलं की आता पान-तंबाखू घरी न्यायची, घरी वळायचं, तयार बिडी मुकादम येऊन घेऊन जाईल. त्यासाठी एक कागद केला. मसुदा भाऊसाहेबांचा, अक्षर माझं. ऐंशी प्रती मी हातानं लिहिल्या. त्यात असं होतं की, लिहून देणार बाई ही स्वतंत्र धंदा करते, मालकाकडून पान व तंबाखू स्वतःच्या मर्जीने विकत घेते, आणि तयार झालेला माल मालकास विकते. तरी मालकाचा व तिचा धनी-मजूर असा काही एक संबंध नाही. शेवटची ओळ प्रत्येक दस्तात असते तीच, सवयीनं हात लिहून जातो तशी: सदर मजकूर मला वाचून दाखवला व तो मला समजला.

अंगठे घ्यायला मीच बसलो होतो, बंद छपराच्या दारात, शाईची गादी घेऊन. बायका रांगेनं येत होत्या. आक्काची पाळी आली. तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दत्तू, काय लिवलंय रं ह्यात?" मुकादम शेजारी उभा होता. मी म्हटलं, "घरी काम न्यायचा कागद आहे आक्का. उठव अंगठा." तिनं उठवला. तिच्या मागच्या बायकांनी काही विचारलंच नाही. चंद्राक्काच्या भावानं लिहिलंय, तिनं अंगठा दिलाय, मग विचारायचं काय?... त्या संध्याकाळी मी तिच्याकडे जेवायला गेलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. तिनं लिंबाचं पाणी पाठवलं.

मग लढाईच्या ऐन धामधुमीत सरकारनं तंबाखूवर कर बसवला. कोठारातलं पोतं न् पोतं साहेबांच्या वहीत चढू लागलं. एकदा मोजदाद झाली तर मालकांच्या कोठारात वहीपेक्षा माल कमी निघाला. चोरून विकला असा संशय आला. मालक पुन्हा भाऊसाहेबांच्या बैठकीत. भाऊसाहेबांनी पुन्हा चष्मा पुसला. "माल कुठं गेला नाही," ते म्हणाले, "तो तुमच्याच मजुरांच्या घरी आहे. तुमचे मजूर, तुमची तंबाखू." आणि दुसरा कागद तयार झाला. त्यात लिहून देणार बाई ही मालकाची मजूर, तिच्या घरात असलेली तंबाखू मालकाच्या मालकीची, तिचा त्यावर काही एक हक्क नाही. अक्षर माझं. शेवटची ओळ तीच. अंगठे त्याच बायकांचे. या खेपेलाही आक्कानं विचारलं, "आनी कसला रं?" मी म्हटलं, "सरकारी मोजणीचा." हेही खोटं नव्हतं आणि खरं तर नव्हतंच.

म्हणजे पाहा. कारखान्याचा कायदा आला की ती व्यापारी, आणि तंबाखूचा कर आला की ती मजूर. एका कचेरीच्या कपाटात ती मालकाशी सौदा करणारी बाई होती, दुसऱ्या कचेरीच्या कपाटात ती मालकाची चाकर होती, आणि स्वतःच्या घरात ती दोन्ही नव्हती. घरात ती रात्रंदिवस खोकणारी एक बाई होती. छप्पर नाही, सुट्टी नाही, आणि घरी वळलेल्या मालात आता छाट पूर्वीच्या दुप्पट. कारण मोडायला ती तिथं नव्हती, माल मुकादम दारातून घेऊन जायचा. हे सगळं कायदेशीर होतं. हा शब्द मी आयुष्यभर लिहीत आलो आहे. त्याची मला किळस आली ती तेव्हापासून.

बायकांनी पान उचलायचं बंद केलं. पंधरा दिवस एकीनंही पान उचललं नाही. मालकांच्या लेखी याचं मूळ एकच होतं, आणि त्यांना ते उपटायचं होतं. एका सकाळी कराच्या खात्याचे दोन शिपाई आक्काच्या दारात आले. कुणीतरी खबर दिली होती. सोप्यातल्या डब्यात चारेक शेर तंबाखू निघाली, मुकादमानंच आणून टाकलेली, संपाआधीची. तिच्यावर खटला झाला: परवान्याशिवाय तंबाखूचा साठा करणारी व्यापारी. शिपाई तिला घेऊन जात असताना गल्लीभर बायका जमल्या. आक्का म्हणाली, "माज्या घरात चार शेर, आनी मालकाच्या कोठारात चार गाड्या. मीच यापारी व्हय?"

चिकोडीच्या फौजदारी कोर्टात तारीख लागली. मास्तर एक वकील बघतो म्हणाले होते, पण कुणी उभं राहायला तयार होईना. आक्का एकटीच पिंजऱ्यात उभी. मालक साक्षीला आले, भाऊसाहेब त्यांच्यासोबत, आणि भाऊसाहेबांच्या मागे कागदपत्रांचा बस्ता घेऊन मी. मालकांनी शपथ घेतली आणि सांगितलं की ही बाई आपल्याकडून तंबाखू विकत घेते, आपली कामगार नाही, कधी नव्हती. पुरावा म्हणून पहिला कागद पुढे केला. मॅजिस्ट्रेट वयस्क होते, फार बोलणारे नव्हते. त्यांनी कागद तिला दाखवून विचारलं, "हा अंगठा तुझा?"

"व्हय साहेब, माझाच. पर म्यां दोन दिल्यात. दुसरा कागद कुटं हाय?"

मालक म्हणाले, दुसरा कागद नाही.

"हाय," आक्का म्हणाली. "त्येला इचारा. दोनी त्येनंच लिवल्यात." आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

मॅजिस्ट्रेटनी माझ्याकडे पाहिलं. भाऊसाहेबांनीही पाहिलं. दुसऱ्या कागदाची दफ्तरची नक्कल माझ्या बस्त्यात होती, माझ्या कुशीत. आणि मी म्हटलं, "आठवत नाही, साहेब."

ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं फक्त मॅजिस्ट्रेटकडे तोंड फिरवलं. "न्हाई आटवत तर ऱ्हाऊ द्या. पर साहेब, पुढं केलाय त्यो कागद तरी त्येला वाचाय सांगा. मोट्यानं. मला आजपतूर कुणी वाचून दावला न्हाई. निदान तुरुंगात कशापायी चाललेय ते तरी कळंल." मॅजिस्ट्रेटनी कागद माझ्याकडे दिला. "वाचा."

मी वाचू लागलो. स्वतंत्र धंदा वाचलं. स्वतःच्या मर्जीने वाचलं. धनी-मजूर असा काही एक संबंध नाही, हे वाचलं. आक्का मान खाली घालून एकेक शब्द ऐकत होती, दळताना जात्याचा आवाज ऐकावा तशी. मग शेवटची ओळ आली. सदर मजकूर मला... एवढं वाचलं आणि माझा आवाज बंद पडला. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "पुढे वाचा." मला वाचवेना. शेकडो दस्तांत लिहिलेली ती ओळ, आणि त्या दिवशी मला ती पहिल्यांदा दिसली. मी म्हटलं, "साहेब, पुढचं खोटं आहे. मी हिला हे वाचून दाखवलं नव्हतं. कुणालाच नव्हतं दाखवलं." आणि एकदा तोंड उघडल्यावर मग बस्ताही उघडला.

मॅजिस्ट्रेटनी कराच्या कचेरीतून दुसरा कागद मागवला. पुढच्या तारखेला दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. एकच अक्षर, एकच अंगठा, आणि मजकूर एकमेकांच्या छातीवर बसलेले. आक्का निर्दोष सुटली. बायकांनी तिला कोर्टाच्या पायऱ्यांवर गूळ दिला.

आणि मालकांचं काय झालं? हे मला बरेच जण विचारतात. काही झालं नाही. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल काही झालं नाही. भाऊसाहेबांनी लिहून दिलं की घाईगर्दीत कारकुनाकडून मसुद्यांची गल्लत झाली. कारकुनाकडून! कराच्या कचेरीत मालकांनी आपलं प्रकरण मिटवून घेतलं. कारखाने तपासणारे साहेब बदलून गेले आणि बायकांचा अर्ज त्यांच्या मागे कुठल्या कपाटात गेला तो आजतागायत सापडलेला नाही. वर्षभरानं मालकांनी मेहुण्याच्या नावावर छप्पर पुन्हा उघडलं, कारण घरोघर माल वाटणं त्यांनाच परवडेना. मोठेपणा दाखवून सगळ्या बायकांना कामावर घेतलं. एक चंद्राक्का सोडून. मला नोकरीवरून काढलं आणि मी चिकोडीच्या चिंचेखाली आलो, हे योग्यच झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिचा गुन्हा काय होता? दिलेला अंगठा आठवणीत ठेवला, हा?

त्यानंतर चार वर्षं ती घरीच वळत होती, आणि ही गोष्ट मालकांना आज, हे छापून आल्यावरच कळेल. छपरातल्या बायका आपल्या वाटच्या पानांतली थोडी पानं तिला आणून द्यायच्या. तिनं वळलेल्या बिड्या कुणी हौसाक्काच्या नावावर, कुणी दुसरीच्या नावावर जमा करायच्या. मजुरी आली की तिची तिला. ज्या कारखान्यात तिला पाऊल ठेवायची बंदी, त्या कारखान्याच्या बंडलांत रोज तिची बिडी जात होती. एकदा चेकरनं हौसाक्काच्या सुपातली मूठ उचलून सगळ्यांना दाखवली, "ही बगा, अशी वळाय पायजे!" हौसाक्का येऊन ते सांगत होती आणि आक्का हसता हसता खोकत होती, खोकता खोकता हसत होती. तिला इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

मी तिच्याकडे पुन्हा जेवायला जायला वर्ष घेतलं. एका रविवारी तिनंच निरोप पाठवला. मी गेलो, पाटावर बसलो. म्हटलं, "आक्का, चुकलं माझं." ती म्हणाली, "व्हय, चुकलं. भाकरी घे." एवढंच. पण माफ केलं म्हणजे पहिल्यासारखं झालं असं नव्हतं. गणपाचं लग्न ठरवताना तिनं एकच अट घातली होती, सून वाचणारी पाहिजे. सोयरे हसले, बिडी वळणारीच्या घरात वाचणारी सून कशाला? तिनं चार गावं फिरून मराठी चौथी झालेली पारू शोधून आणली. आणि मग तिच्या सोप्यात एक रीत पडली. गल्लीत कुणाकडेही कागद आला, समन्स असो, रेशनचा असो, मिलिटरीतल्या पोराचं पत्र असो, तो आक्काच्या सोप्यात यायचा. रविवारी मी वाचायचा. माझं वाचून झालं की तोच कागद पारूनं पहिल्यापासून वाचायचा. दोन्ही वाचनं जुळली तरच अंगठा. मला पहिल्यांदा ते लागलं. मी म्हटलं, "आक्का, अजून भरवसा नाही माझ्यावर?" ती म्हणाली, "तुझ्याव हाय रं. कागदाव न्हाई. आनी एकट्याच्या वाचण्याव तर न्हाईच न्हाई. तुला बी ते बरं. पुन्ना कुनी तुझ्याकडं बोट करायचं न्हाई."

शेवटी छातीनं दगा दिला. बेळगावच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं धुरळ्यानं भरली आहेत, आता फार उशीर झाला. तीस वर्षं तिनं तंबाखू श्वासात घेतली. ज्यांनी त्या तंबाखूवर माड्या बांधल्या त्यांच्या माड्यांना गच्चीची हवा आहे. तिला परत निपाणीला आणलं. मी तिला शेवटचं पाहिलं ते मरणाच्या आदल्या दिवशी, रविवारी. तिला बोलवत नव्हतं. उजव्या हाताची बोटं मात्र पांघरुणावर आपोआप हलत होती... गुंडाळत होती, दोरा बसवत होती. मी तो हात धरला तर तिनं सोडवून घेतला. काम चालू होतं.

परवाच्या रविवारी तिच्या सोप्यात गेलो. ती बसायची त्या भिंतीपाशी कुणी बसत नाही. सारवलेल्या भिंतीवर तिच्या पाठीनं घासून एक काळसर, गुळगुळीत जागा झाली आहे, ती तशीच आहे. दहाबारा बायका जमल्या होत्या. कारखान्याकडून नवा कागद आला होता. स्वराज्यातला पहिला. मी पूर्ण वाचला, सावकाश, एकही शब्द न गाळता. बायकांनी ऐकून घेतलं. माझं वाचन संपताच हौसाक्कानं माझ्या हातातून कागद काढला आणि पारूकडे दिला. पारूनं कडेवरचं पोर खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चौथ्या ओळीत एक जोडाक्षर आलं, तिथं ती अडखळली. मी सांगायला तोंड उघडलं.

"तुमी गप बसा," हौसाक्का म्हणाली. "तिची ती वाचंल."

पारूनं अक्षरावर बोट ठेवलं, एकदा मनाशी लावून पाहिलं, आणि मग मोठ्यानं वाचलं.